चाचणी हिरवी की लाल, हे लॅबच्या वाय-फायने ठरवू नये



आजचा विषय तसा छोटा, पण प्रॅक्टिकलच्या मार्कांपासून नोकरीपर्यंत सगळीकडे नडणारा. नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलमध्ये असा प्रयोग असतो: संकेतस्थळाचं नाव द्या, त्याचा आयपी पत्ता शोधा आणि तो बरोबर आला का हे तपासणारी चाचणी लिहा. विद्यार्थी घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर प्रोग्राम चालवतो, चाचणी हिरवी. कॉलेजच्या लॅबमध्ये तीच चाचणी लाल. गिटहबच्या यंत्रावर चढवली की कधी हिरवी, कधी लाल. कोडची एक ओळही बदललेली नसते. परीक्षक म्हणतात, "चालत नाही." पोरगं म्हणतं, "सर, घरी चालत होतं की!" गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात.

माझं मत स्पष्ट आहे. अशा चाचणीवर मार्क देऊही नयेत आणि कापूही नयेत. जी चाचणी नेटवर्कच्या मर्जीवर पास-नापास होते, ती तुमचा कोड तपासतच नाही. ती त्या दिवसाचं नेटवर्क तपासते.

आधी समजून घेऊ: नावाचा पत्ता कसा सापडतो?

सुरुवातीच्या काळात नेटवर्कला जोडलेल्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत होते. यंत्रं वाढली तशी ती फाइल सांभाळणं अवघड झालं. म्हणून 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही वाटून दिलेली व्यवस्था मांडली. पण जुनी पद्धत संपली नाही. आजही तुमच्या यंत्रात 'होस्ट्स' नावाची फाइल असते आणि बहुतेक ठिकाणी आधी ती बघितली जाते. तिथं नाव नसेल तर प्रश्न नेमसर्व्हरकडे जातो. मधे कुठंतरी जुनं उत्तर साठवलेलं असेल तर तेच परत मिळतं.

म्हणजे एका साध्या प्रश्नामागे चार-पाच जणांचा हात असतो. त्यातला एक जरी वेगळा असला तरी उत्तर वेगळं येतं.

उत्तर का बदलतं?

पहिलं कारण म्हणजे पत्ता कायमचा नसतो. मोठी संकेतस्थळं एका नावामागे अनेक पत्ते ठेवतात, त्यांचा क्रम फिरवतात आणि विचारणारा कुठून विचारतो हे बघून जवळचा पत्ता देतात. कोल्हापुरातून विचारलं तर एक, परदेशातल्या सर्व्हरवरून विचारलं तर दुसरा. दोन्ही बरोबर.

दुसरं, 'लोकलहोस्ट' म्हणजे नेहमी 127.0.0.1 असं आपण धरून चालतो. पण आयपीव्ही6 मध्ये त्याचाच पत्ता ::1 आहे. 2021 मध्ये आलेल्या नोड 17 पासून यंत्रणा ज्या क्रमाने पत्ते देते तोच क्रम ठेवला जातो. त्याआधी आयपीव्ही4 पुढं ठेवला जायचा. सर्व्हर फक्त 127.0.0.1 वर ऐकत असेल आणि प्रोग्राम ::1 कडे गेला, तर जोडणी नाकारली जाते. तसंच डेबियन आणि उबंटूमध्ये यंत्राच्या स्वतःच्या नावाला बऱ्याचदा 127.0.1.1 हा पत्ता असतो. तो बघून पोरं गोंधळतात.

तिसरं, अस्तित्वात नसलेलं नाव विचारलं तर "सापडलं नाही" असंच उत्तर येईल, हेही गृहीत धरू नका. काही इंटरनेट पुरवठादार त्या जागी स्वतःच्या पानाचा पत्ता देतात. झालं, "चूक यायला हवी" ही चाचणी तिथंच पडते.

चौथं, खुद्द शोधणारी लायब्ररी वेगळी असते. उबंटूवर ग्लिबसी असते, डॉकरमधल्या अल्पाइन लिनक्सवर मसल. दोन नेमसर्व्हर दिले तर ग्लिबसी साधारणपणे एकामागून एक विचारते. मसल सगळ्यांना एकदम विचारते आणि पहिलं पक्कं उत्तर घेते.

मराठी नावाची खास गोम

हा प्रश्न फक्त इंग्रजी नावांचा नाही. ऑगस्ट 2014 मध्ये डॉट भारत हे देवनागरी डोमेन सुरू झालं. डीएनएसकडे जाताना असं देवनागरी नाव पनीकोड नावाच्या पद्धतीने साध्या रोमन अक्षरांत बदललं जातं.

आता 'दऱ्या' आणि 'दर्या' हे शब्द बघा. एक डोंगरातल्या दऱ्या, दुसरा समुद्र. 'दऱ्या' हा शब्द टाइप करायच्या दोन रीती आहेत. एक, नुक्त्याचा 'ऱ' घेऊन. दुसरी, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढं एक न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात. देवनागरी नावांचे 2003 चे जुने नियम हे न दिसणारं चिन्ह सरळ गाळून टाकतात. 2008 चे नियम हलन्तानंतर ते चालवून घेतात. पायथॉनची अंगभूत सोय 2003 चे नियम पाळते. वेगळी बसवावी लागणारी आयडीएनए लायब्ररी 2008 चे. म्हणजे दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्यांचा एका यंत्रावर दर्या होतो आणि दुसऱ्यावर होत नाही! आपल्या भाषेतली ही चूक परदेशातला प्रोग्रामर शोधणार नाही. ती चाचणी आपल्याच पोरांनी लिहायला हवी. आणि ती लिहायला इंटरनेट लागतच नाही.

मग करायचं काय?

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये भोकाचं माप 'गो' आणि 'नो-गो' गेजने बघतात. धातू तापला की फुगतो, म्हणून लांबी मोजण्यासाठी 20 अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान जगाने ठरवून ठेवलंय. मोजायची परिस्थिती आधी बांधून घ्यायची, मग माप घ्यायचं. फौंड्रीच्या गावात हे वेगळं सांगायला नको. सॉफ्टवेअरमध्येही तेच करा.

1. पत्ता शोधण्याचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढा आणि ते फंक्शन बाहेरून हातात द्या. खऱ्या वापरात खरं द्या, चाचणीत ठरलेलं उत्तर देणारं नकली द्या.

2. चाचणीत राखीव नावं वापरा. 1999 च्या आरएफसी 2606 मध्ये डॉट टेस्ट, डॉट एक्झाम्पल, डॉट इनव्हॅलिड आणि डॉट लोकलहोस्ट ही नावं यासाठीच राखून ठेवली आहेत.

3. पत्तेही राखीव घ्या. 2010 च्या आरएफसी 5737 नुसार 192.0.2, 198.51.100 आणि 203.0.113 ने सुरू होणारे पत्ते केवळ उदाहरणांसाठी आहेत. आयपीव्ही6 मध्ये 2001:डीबी8 ने सुरू होणारे. दुसऱ्या कुणाचा खरा पत्ता चाचणीत कोंबू नका.

4. अनेक पत्ते आले तर क्रम बघू नका, संच म्हणून तुलना करा. क्रम तुमच्या प्रोग्रामसाठी महत्त्वाचा असेल तर नकली फंक्शनकडून तो मुद्दाम उलटा द्या आणि काय होतं ते बघा.

5. अपयशाच्या चाचण्या लिहा. "नाव अस्तित्वात नाही", "आत्ता उत्तर मिळत नाही" आणि "वेळ संपली" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात परत विचारून उपयोग नाही, बाकी दोन्हींत आहे.

6. खरी डीएनएस देवाणघेवाण तपासायची असेल तर स्वतःचाच छोटा नेमसर्व्हर 127.0.0.1 वर चालवा. त्याची नावांची यादी कोडसोबतच ठेवा. पोर्ट ठोकून न बसवता यंत्रणेला मोकळा पोर्ट निवडू द्या.

"पण सर, खरं नेटवर्क तपासायलाच नको का?"

हा प्रश्न येणार आणि तो रास्त आहे. नकली उत्तरावर पास झालेला प्रोग्राम खऱ्या जगात आपटू शकतो. म्हणून खऱ्या नेटवर्कवरची एखादी चाचणी जरूर ठेवा. पण ती वेगळी ठेवा, रोज रात्री चालवा, आणि ती लाल झाली तर "जाऊन बघा" एवढाच तिचा अर्थ घ्या. तिच्यावर कुणाचं सबमिशन अडवू नका. दोन्ही एकत्र कालवल्या की लाल रंगाची किंमत जाते. "परत चालव, होईल हिरवं" ही सवय लागते, आणि एक दिवस खरी चूकसुद्धा त्याच सवयीत निसटून जाते. मला जास्त भीती या सवयीची वाटते, कारण पोरं ती नोकरीतही सोबत घेऊन जातात.

नेटवर्क कायम असतं, हा समजही आपल्या गावाला परवडणारा नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शहराच्या कितीतरी भागांत वीज नव्हती. जून 2023 मध्ये प्रशासनाने कोल्हापुरात इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवली होती. त्या दिवसांत बरोबर कोड चुकीचा झाला नव्हता. मग चाचणीने तो चुकीचा का ठरवावा?

म्हणून प्रॅक्टिकल घेणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: तपासणीच्या वेळी आधी नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा आणि मग चाचण्या चालवायला सांगा. ज्याच्या चाचण्या तेव्हाही हिरव्या राहतात आणि कोडमध्ये मुद्दाम चूक केली की लाल होतात, त्याला पूर्ण मार्क द्या.

करून बघा

1. तुमच्या प्रोजेक्टमध्ये कोणत्या चाचण्या वाय-फाय बंद केल्यावर पडतात, त्यांची यादी करा.
2. त्यातल्या एका चाचणीला नकली शोध-फंक्शन द्या आणि नाव डॉट टेस्टने संपणारं ठेवा.
3. 'दऱ्या' दोन्ही रीतींनी टाइप करा, 'दर्या'ही लिहा, तिन्हींचा पनीकोड काढा आणि तुमची भाषा कोणते नियम पाळते ते वहीत नोंदवा.