पुरावा कोणी शोधावयाचा?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या कातकरी वाडीवरचा मुलगा बारावी होऊन सरकारी भरतीच्या दारात उभा राहिला, की त्याच्याकडे प्रथम आजोबांचा कागद मागितला जातो. ६ सप्टेंबर १९५० रोजी पूर्वज कोठे राहत होते, हे सिद्ध केल्यावाचून अनुसूचित जमातीचा दाखला नाही. ज्यांच्या नावे सातबारा नाही, दिवाळी सरताच जे वीटभट्टीची वाट धरतात, ज्यांच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांनी तो पुरावा आणावा कोठून?

तपासणीचा हा काच निष्कारण आलेला नाही. ठाकूर जमातीला पूर्वी शहापूर, मुरबाड अशा ठराविक तालुक्यांतच सवलती होत्या. १९७६ च्या केंद्रीय कायद्याने ते क्षेत्रबंधन उठले आणि नामसादृश्याचा लाभ घेणारे पुढे सरसावले. म्हणूनच २००१ साली राज्यात पडताळणीचा कायदा अमलात आला. पण दाखला अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना २०१९ च्या शासननिर्णयाने अधिसंख्य पदांवर सांभाळून घेतले. खऱ्या आदिवासीच्या वाट्याला मात्र हेलपाटे!

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्याच प्रकरणात, आप्तभाव ही अंतिम कसोटी नव्हे, असे सांगितले व जुन्या कागदपत्रांना महत्त्व दिले. ते रास्तच; परंतु ज्याच्यापाशी कागदच नाही त्याचे काय? संपूर्ण शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्र आहे. तेथे कोण राहतात हे शासनास नव्याने सांगावयास नको. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, शाळांची रजिस्टरे सरकारच्याच कपाटांत पडून आहेत. ती चाळण्याचे काम महसूल खात्याने अंगावर घ्यावे, आणि नोंद न सापडल्यास कर्मचाऱ्यांनी वाडीवर जाऊन वृद्धांचे जबाब घ्यावेत; तेही वाडी वीटभट्टीवर जाण्यापूर्वी.