शाखा आणि मूळ

आमच्या सासूबाईंच्या हातच्या गोड्या मसाल्याचे बेळगावात, निदान आमच्या गल्लीत तरी, नाव होते. धणे किती, दगडफूल किती, असे विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे : “अंदाजाने घाल गं.” त्यांचा अंदाज कधी चुकला नाही आणि मी तो कधी मोजून ठेवला नाही. त्या गेल्यावर दरवर्षी उन्हाळ्यात मी मसाला करते. तो चांगला होतो. पण त्यांचा होत नाही. बंगळूरला असलेली माझी लेक फोनवरून प्रमाण विचारते, तेव्हा माझ्याही तोंडून “अंदाजाने” हाच शब्द निघतो आणि मग दिवसभर मनाला चुटपुट लागून राहते.

गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे गेले असता तिने मला लालबाग रस्त्यावरच्या ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’मध्ये, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एम. टी. आर.’मध्ये नेले. तूप सोडलेली रवा इडली आणि सोबत बटाट्याचा सागू समोर आला. पहिल्या घासालाच मनात आले, या घरात कुणीतरी ‘अंदाज’ पुढच्या पिढीच्या हाती नीट सोपवलेला दिसतो. तो कसा सोपवला, याची हकीकत वाचकांना सांगण्याजोगी आहे.

उडुपीजवळच्या परंपळ्ळी गावातील मय्या बंधू स्वयंपाकाच्या कामासाठी बंगळूरला आले. १९२४ मध्ये त्यांनी एक छोटे उपाहारगृह काढले. नाव ‘ब्राह्मण कॉफी क्लब’. बंधूंपैकी यज्ञनारायण मय्यांनी पुढे या घराला खरे वळण लावले. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली. इडलीचा तर प्राणच तांदूळ! तेव्हा तांदळाऐवजी रवा घेऊन इडली करून पाहिली, आणि रवा इडली जन्माला आली, असे हे घराणे सांगते. अडचणीच्या दिवसांत केलेली तडजोड पुढे घराची ओळख होऊन बसावी, हे आपल्याही स्वयंपाकघरांत काही कमी वेळा घडलेले नाही.

१९५१ मध्ये यज्ञनारायण युरोपात जाऊन आले. तिथल्या उपाहारगृहांची स्वच्छता आणि शिस्त पाहून ते थक्क झाले. परतल्यावर त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत सुरू केली. नीट कसे खावे, सार्वजनिक स्वच्छता कशी पाळावी, हे सांगणाऱ्या पुस्तिकाही त्यांनी गिऱ्हाइकांना वाटल्या. पूर्वी तर येथे गिऱ्हाईक स्वयंपाकघरातूनच जेवायला आत जाई. ज्याचे स्वयंपाकघर चारचौघांना दाखवण्याजोगे असते, त्यानेच हे धाडस करावे! पदार्थ बदलला नाही, पण तो करण्याची रीत अधिक नेटकी झाली. परदेशातून काय आणावे आणि काय आणू नये, याचा विवेक यात दिसतो.

खरी कसोटी आली ती आणीबाणीच्या काळात, १९७५ नंतर. उपाहारगृहांतील पदार्थांचे दर सरकारने फार खाली बांधून दिले. त्या दरात तेच तूप आणि तोच रवा वापरणे परवडेना. हलका माल वापरणे हा सोपा मार्ग होता. तो या घराने पत्करला नाही. उपाहारगृह काही काळ बंद ठेवावे लागले आणि पिठे, मसाले, तयार मिश्रणे पुड्यांत भरून विकण्याचा व्यवसाय पुढे आला.

येथे या वृक्षाला दोन फांद्या फुटल्या. पुड्यांचा धंदा वाढत वाढत मोठा कारखाना झाला आणि २००७ मध्ये ‘ऑर्क्ला’ या नॉर्वेच्या कंपनीने तो विकत घेतला. उपाहारगृहे मात्र घराण्याकडेच राहिली. हरिश्चंद्र मय्या १९९९ मध्ये निवर्तल्यावर त्यांची कन्या हेमामालिनी यांनी ती जबाबदारी उचलली. पुढे विक्रम आणि अरविंद हे बंधू त्यांच्या जोडीला आले. या तिसऱ्या पिढीने शाखा वाढवल्या. २०१३ मध्ये सिंगापूरला शाखा निघाली. दुबई आणि लंडन येथेही हे नाव पोहोचले.

पुडीवाल्या फांदीला नावे ठेवणे सोपे आहे. माझ्याही मनात प्रथम तेच आले. पण थोडा विचार केल्यावर वाटले, पुडीत भरायचे तर प्रमाण तोळामाशाने ठरवावे लागते. तिथे ‘अंदाज’ चालत नाही. घरापासून दूर पडलेल्या कितीतरी मुलामुलींना त्या लिहिलेल्या प्रमाणानेच घरची चव चाखवली असेल. उलट, रवा किती भाजला म्हणजे पुरे, हे पुडीवर कितीही लिहिले तरी कळत नाही. ते भाजणाऱ्याच्या शेजारी उभे राहूनच कळते. म्हणजे लिहिलेले प्रमाण हवे आणि शेजारी उभे राहणेही हवे. सासूबाईंकडून मी यांतले दुसरे थोडेफार घेतले. पहिले हातचे घालवले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना हे अधिकच लागू पडते. आपली भाषा शाळेत शिकवली जाईलच असे नाही, पण जेवणाचे ताट दोन वेळा समोर येतेच. त्या ताटात आपले जे उरले आहे, ते आपणच पुढे द्यायचे.

परत येताना मी लेकीकडचा लहान तराजू मागून आणला. या उन्हाळ्यात ती चार दिवस येणार आहे. प्रत्येक जिन्नस हातात घेतल्यावर आधी तोलायचा, ती वहीत मांडणार, आणि मगच कढईत टाकायचा, असे आमचे ठरले आहे. सासूबाईंचा मसाला काही त्यातून परत येणार नाही. माझा तरी राहील.

वाचक भगिनींनो, आपल्या घरीही “अंदाजाने” म्हणणारे कुणी वडीलधारे माणूस असेल, तर या महिन्यातच तराजू घेऊन त्यांच्याशेजारी उभ्या राहा.