नवागामचा विद्यार्थी आणि त्याची पाचवी भाषा

शिक्षणाच्या माध्यमाचा वाद आपल्या गोव्याला नवा नाही. १९९० साली प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांपुरते ठेवण्याचा निर्णय झाला, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही ते देण्याचे ठरले आणि त्यावरून उठलेले वादळ आजही पुरते शमलेले नाही. महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा प्रश्न पेटला आणि सरकारला आपले शासननिर्णय मागे घ्यावे लागले. हे सारे वाद प्राथमिक शाळेच्या दारात होतात. त्याच मुलाचे विद्यापीठाच्या दारात काय होते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. ती करण्यासाठी सुरतेतील नवागामकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

सुरतेच्या दक्षिण-पूर्व भागातील उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या वस्त्यांत मराठी माणूस मोठ्या संख्येने राहतो. तो बहुतांशी खानदेशातला. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने सुरत धुळे, नंदुरबार, जळगावशी जोडली गेली आणि कोरडवाहू शेतीतून निघालेल्या कुटुंबांना यंत्रमाग आणि कापड प्रक्रियेच्या कारखान्यांनी सामावून घेतले. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या प्राथमिक शाळाही चालवते. परप्रांतीय श्रमिकांच्या मुलांसाठी एखाद्या नगरसंस्थेने एवढे करावे, ही गोष्ट कौतुकाचीच आहे.

अशा वस्तीतल्या मुलाचा भाषाप्रवास पाहा. घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, कारखान्यात आणि गल्लीत हिंदी, बाजारात आणि सरकारी कचेरीत गुजराती. २०२३ मध्ये गुजरात विधानसभेने पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सर्व शाळांना सक्तीचे करणारा कायदा केला; त्यामुळे गुजरातीचा अभ्यासही आता ओघाने आला. इंग्रजी ही त्याची पाचवी भाषा. उधना-मगदल्ला रस्त्यावरील वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या कक्षेत तो पदवीसाठी येतो, तेव्हा गुजराती किंवा इंग्रजी ही रुळलेली माध्यमे त्याच्यापुढे असतात. ज्या मराठीत तो विचार मांडायला शिकला, ती तेथे नसते.

हा पेच साठ वर्षांहून जुना आहे आणि त्याचा पहिला मोठा खटलाही एका मराठी कुटुंबाचाच होता. मार्च १९६० मध्ये मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत दाखल झाला. पहिले वर्ष पार पडल्यावर त्याला इंटर आर्ट्सचा वर्गही इंग्रजीतूनच हवा होता. परंतु १९६१ मधील दुरुस्त नियमांनुसार गुजराती किंवा हिंदी हीच माध्यमे राहतील, असे गुजरात युनिव्हर्सिटीने ठरवले होते. परीक्षा इंग्रजीत देता येईल, पण अध्यापन इंग्रजीतून मिळणार नाही, असे उत्तर त्याला मिळाले. वडील न्यायालयात गेले. ‘गुजरात युनिव्हर्सिटी विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर’ या नावाने तो खटला आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. २१ सप्टेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की, एखादी भाषा एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार संबंधित कायद्याने युनिव्हर्सिटीला दिलेलाच नाही. न्या. जे. सी. शाह यांनी बहुमताचा निकाल लिहिला, न्या. सुब्बराव यांनी भिन्नमत नोंदवले.

या निकालाने माध्यमाचा प्रश्न हक्काच्या भाषेत मांडला. तो हक्क महत्त्वाचा होताच. पण माध्यम निवडण्याचा हक्क म्हणजे त्या माध्यमात शिकण्याची क्षमता नव्हे. त्या काळी ‘इंटर’ हा एक वर्ग होता. आज इंग्रजीच्या संदर्भात ‘मध्यम पातळी’ म्हणून ओळखली जाते ती निराळीच गोष्ट आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय भाषाचौकटीत सहा पायऱ्या आहेत. त्यांतल्या मधल्या दोन, बी-१ आणि बी-२, म्हणजे ही मध्यम पातळी. बी-१ वरच्या व्यक्तीला ओळखीच्या विषयावरचे स्पष्ट बोलणे समजते, साधा सलग मजकूर लिहिता येतो. बी-२ वरची व्यक्ती गुंतागुंतीच्या लेखनातला मुख्य मुद्दा पकडते आणि बाजू मांडू शकते. पदवीच्या वर्गातले व्याख्यान समजून टिपणे काढायची, तर दुसऱ्या पायरीच्या जवळ असावे लागते.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. स्थलांतरितांच्या मुलांना बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते. अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात वर्षे लागतात, असा या विचाराचा सारांश आहे. भोवताली सतत इंग्रजी असलेल्या मुलांची ही कथा. नवागामच्या मुलाच्या भोवती इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवर आणि मोबाइलवरच असते. त्याच्याकडून मात्र पदवीच्या तीन वर्षांत दोन्हींची अपेक्षा केली जाते.

गुजरात सरकारला ही दरी दिसली नव्हती असे नाही. २००७ मध्ये ‘स्कोप’ ही संस्था स्थापन झाली. केंब्रिजच्या परीक्षांशी जोडून महाविद्यालयीन तरुणांचे इंग्रजी नोकरीयोग्य करावे, हा तिचा हेतू होता. पातळी मोजून शिकवण्याचा विचार योग्यच होता. परंतु मोजमाप म्हणजे अध्यापन नव्हे. सक्तीच्या इंग्रजीच्या तासाला धडा वाचून त्याचा अर्थ देशी भाषेत सांगायचा आणि परीक्षेला मार्गदर्शकातली उत्तरे पाठ करायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तीत विद्यार्थी उत्तीर्ण होतो, पण स्वतःचे एक वाक्य रचायला धजत नाही.

येथेच मातृभाषेचा उपयोग होतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना मराठीत जागाच नाही. ‘मला भूक लागली’ या वाक्यात भूक येते आणि माणूस चतुर्थीत उभा राहतो. इंग्रजीत तोच कर्ता होतो. हे फरक मराठीतून एकदा नीट उलगडून दाखवले, तर चुका का होतात ते विद्यार्थ्याला कळते. चार भाषांत वावरणारा मुलगा भाषा बदलण्यात मुळात तरबेज असतो. उणीव असते ती त्या कौशल्याकडे पाहणाऱ्या अध्यापनाची.

एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठांना सुचवले. सूचना स्वागतार्ह आहे. पण सुरतेत ‘स्थानिक’ म्हणजे गुजराती, आणि नवागामची मराठी पुन्हा बाहेरच राहते. शिवाय स्थानिक भाषेत उत्तर लिहिण्याची मुभा मिळाली म्हणून इंग्रजी संदर्भग्रंथ वाचता येऊ लागत नाही. १९६२ मध्ये इंग्रजीचा हक्क मिळाला, २०२३ मध्ये देशी भाषेची मुभा. दोन्ही वेळी इंग्रजी शिकवायची कशी, हा प्रश्न मधल्या मधे राहून गेला.

गोव्याने यातून काय घ्यावे? आपल्याकडे कोकणी घरात, मराठी प्राथमिक शाळेत आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजी माध्यम, असा प्रवास हजारो मुले करतात. नवागामच्या मुलाला विद्यापीठात लागणारी ठेच आपल्या मुलाला दहाव्या वर्षी लागते. अनुदान कोणाला, यावर आपण तीन दशके भांडलो. चौथी आणि पाचवीच्या मधल्या पुलासाठी, तसेच पदवीच्या पहिल्या वर्षी पातळी पाहून छोट्या गटांत शिकवणाऱ्या वर्गांसाठी तेवढा आग्रह कधी धरला नाही.

इंग्रजी हवी की मातृभाषा, हा प्रश्न सभेत टाळ्या मिळवतो. रात्रपाळी संपवून सकाळी महाविद्यालयात बसणाऱ्या तरुणापुढे तो नसतोच. त्याला दोन्ही हव्या असतात. एका भाषेच्या आधाराने दुसरी शिकवणारा शिक्षक त्याला मिळतो की नाही, यावर त्याची पदवी केवळ कागद ठरणार की आधार, हे अवलंबून आहे.