दोराचं पुढचं टोक

‘गाईड घेऊन चढलात ना? मग त्यात तुमचं काय मोठंसं?’ मॅटरहॉर्नहून परतल्यापासून हा प्रश्न मला किती पुरुषांनी विचारला, मोजणं सोडून दिलंय. एका सत्कारात तर अध्यक्षांनीच माइकवरून ‘यांना वर नेणाऱ्या गाईडचंही अभिनंदन’ केलं. टाळ्या पडल्या. त्याच मंचावर गाईडबरोबर आल्प्समध्ये चढून आलेले एक गृहस्थ होते. त्यांना मात्र कुणी वर नेलं नव्हतं, ते आपले आपण चढले होते!

मैत्रिणींनो, जरा इतिहास बघा. मॅटरहॉर्न हा स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचा ४४७८ मीटर उंचीचा कातळसुळका. १८६५ साली तो पहिल्यांदा सर झाला तेव्हा एडवर्ड व्हिम्परच्या सात जणांच्या तुकडीत तीन गाईड होते: मिशेल क्रोझ आणि ताउगवाल्डर बापलेक. उतरताना चौघे पडून मेले, त्यात क्रोझही गेला. नाव झालं ते व्हिम्परचं. १८७१ मध्ये मेल्किओर आंदरेग या गाईडबरोबर ल्यूसी वॉकर लांब झग्यात वर पोचली, ती पहिली स्त्री. दोर तसाच, वाटही तशीच.

हॉर्नली धारेच्या वाटेवर एका गाईडमागे एकच गिऱ्हाईक असतं, मधे आखूड दोर. पहाटे अंधारात निघायचं, बाराशे मीटर चढायचं आणि तेवढंच उतरायचं. उतरण जास्त अवघड. गाईड वाट काढतो, पडलात तर धरतो. पण पाय तुमचे तुम्हालाच उचलावे लागतात.

तरी या कुजकट प्रश्नात एक धागा खरा आहे, आणि तो बायकांनीच आधी पकडला होता. गाईडच्या मागे चढणाऱ्याला डोंगराशी स्वतः झगडावं लागत नाही, हे अमेरिकन मिरियम ओब्रायनला खटकलं. १९३२ मध्ये फ्रेंच अ‍ॅलिस दामेमबरोबर, एकही पुरुष न घेता, ती मॅटरहॉर्न चढली.

माझा राग वेगळाच आहे. ल्यूसी लिव्हरपूलच्या पैसेवाल्या व्यापाऱ्याची मुलगी. पैसे मोजणारी बाई दोराच्या मागच्या टोकाला कायमच चालली. पुढच्या टोकाला मात्र नाही. तिच्याआधी, १८६७ मध्ये, इटलीच्या बाजूने गाईडच्या घरातली फेलिसिते कॅरेल शिखराच्या शंभरेक मीटर खालपर्यंत गेली होती. तिथल्या खिंडीला तिचं नाव मिळालं. गाईडचा धंदा कॅरेल पुरुषांकडेच राहिला. स्विस आल्पाइन क्लबने १९०७ मध्ये बायकांना दार बंद केलं. त्यांनी १९१८ मध्ये स्वतःचा क्लब काढला. स्विस बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं १९७१ मध्ये, म्हणजे ल्यूसीनंतर बरोबर शंभर वर्षांनी! फ्रान्समध्ये मार्टिन रोलां पहिली स्त्री गाईड झाली ती १९८३ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये निकोल निकीय १९८६ मध्ये. गिऱ्हाईक ते गाईड हे अंतर कापायला एकशे पंधरा वर्षं.

ताकदीचं कारण मला सांगू नका. गाईड ‘आता मागे फिरा’ म्हणाला की गिऱ्हाइकाने फिरायचं असतं, भले शिखर समोर दिसत असो. पैसे भरलेल्या पुरुषाने बाईचा असा हुकूम ऐकायचा, आणि वर तिला मजुरी द्यायची, हे पचत नव्हतं. कौतुकाच्या साहसात बाई खपते. रोजगार आणि अधिकार आला की घरचे, क्लबवाले, सगळ्यांनाच तिच्या मुलाबाळांची आठवण होते.

आपल्याकडे गट वर्गणी काढून मुलींना उत्तरकाशीला बेसिक कोर्सला पाठवतात. चांगलंच आहे. पण बेसिक, अ‍ॅडव्हान्स यांच्यापुढे शिकवणाऱ्यांसाठी ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ हा कोर्स असतो. पुढची वर्गणी त्यासाठी काढा. आणि तुमच्या गावची गिर्यारोहण संस्था मुलींच्या शिबिराची जाहिरात घेऊन आली, तर आधी विचारा: प्रशिक्षकांत बायका किती, आणि त्यांना मानधन किती?