किटला पैसे, वायरीला घासाघीस

"जुन्या जीपला फ्युएल इंजेक्शन लावू नका हो, तिचा आत्मा जातो," असं सांगणारे मला नेहमी भेटतात. बहुतेक शहरातले. त्यांची जीप पावसाळाभर ताडपत्रीखाली असते. आमची अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगर एमआयडीसीच्या पलीकडे, गोठ्याला लागून उभी असायची आणि पहाटे साडेचारला दुधाचे कॅन घेऊन स्टेशन गाठायची. आत्म्यात कचरा अडकला की अण्णा कार्बोरेटर खोलून जेटमध्ये तोंडाने फुंकर मारत, आणि दिवसभर त्यांच्या तोंडाला पेट्रोलचा वास. थंडीत चोक ओढून ओढून जीव जायचा. तेव्हा कार्बोरेटर म्हणजे काही देव नाही, तो काढला तर पाप लागत नाही.

पण दुसऱ्या टोकाची माणसं जास्त धोक्याची. "किट आणलं, बसवलं, झालं!" मी त्यातलाच, म्हणून बोलतो.

अण्णा गेल्यावर त्यांच्या १९६८च्या पेट्रोल जीपला मी इंजेक्शनचं किट घेतलं. इंजेक्टर, सेन्सर, टाकीजवळ विजेचा पंप आणि हे सगळं चालवणारा कॉम्प्युटर. किटला मागितले तेवढे पैसे मुकाट दिले. वायरिंग करणाऱ्याशी मात्र अर्धा तास घासाघीस केली. "दोन हजारांत उरकून टाक रे." त्याने उरकलं. जुन्याच वायरींना पीळ मारून टेप गुंडाळली, पंपाची वायर थेट चावीच्या स्विचला जोडली, अर्थिंगचा नट रंगावरच आवळला. पेट्रोलचा जुना रबरी पाइप बदलायचा राहिला, तो माझ्यामुळे. चांगला दिसत होता ना!

आठ दिवस गाडी झकास चालली. महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेहून पुतण्याला घेऊन परतलो, तर फाटकातच बंद पडली. चावी चालूच होती. मी खाली उतरून बघावं की नाही? पुन्हा स्टार्टर मारला, आणि बॉनेटखाली भडका उडाला. पोराला बाहेर ओढलं, ओली गोणपाटं नि माती टाकून विझवली. पोराची डावी पोटरी भाजली.

झालं काय, ते नीट समजून घ्या. जुन्या जीपचा पेट्रोलपंप इंजिनच्याच जोरावर हलतो. इंजिन थांबलं की पंप थांबला, आणि त्याचा दाबही जेमतेम. इंजेक्शनला साधारण तीन बारचा दाब लागतो, म्हणजे जवळजवळ दहापट. शिवाय विजेच्या पंपाला इंजिन बंद पडल्याचं कळत नाही. ते कॉम्प्युटरला कळतं. चावी फिरवली की तो दोनेक सेकंद पंप चालवतो, आणि पुढे इंजिन फिरत असेल तरच. म्हणून पंप रिलेमार्फत जोडायचा. रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० वर फ्यूजमधून बॅटरीचा करंट, ८७ वरून पंपाला, ८६ ला चावीचा करंट आणि ८५ कॉम्प्युटरच्या हाती. शे-दोनशे रुपयांची ती डबी आमच्याकडे नव्हती. कच्च्या अर्थिंगमुळे कॉम्प्युटर मेला, इंजिन मेलं, पंप मात्र इमानदारीत पेट्रोल फेकत राहिला, फाटलेल्या पाइपातून.

तो पाइपही आता पूर्वीसारखा टिकत नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल यायला लागलंय, आणि जुनं रबर त्याने खराब होतं. इंजेक्शनच्या दाबाचा, इथेनॉल सोसणारा पाइपच हवा. जुना डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा, कारण स्लो रेसवर डायनॅमो पुरेसा करंटच देत नाही. आणि टेप! इंजिनच्या गरमीने तिचा गोंद पातळ होतो, आपल्याकडच्या पावसात ती सुटते. जॉइंट क्रिम्प करा, वर स्लीव्ह चढवा.

गावात त्या वायरिंगवाल्याला शिव्या देणारे पुष्कळ निघाले. मीही दिल्या, पहिले दोन दिवस. पण दोन हजारांत त्याने आणखी काय करायचं होतं? आमच्याच आळीतली पोरं एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बांधतात. प्रत्येक वायरीच्या टोकाला नंबराची फेरूल, प्रत्येक फेज वेगळ्या रंगात, दार उघडलं की बघत राहावं असं काम. तीच पोरं आपल्या गाडीला हात लावतात तेव्हा आपण म्हणतो, "एवढं कशाला, चालतंय." कारखानदार पैसे मोजतो म्हणून तिथे नंबर लागतात. आपण मोजत नाही. वर आत्म्याच्या गप्पा मारतो.

(आरटीओचंही ऐका. कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ बनावटीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. मी आधी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा.)

दुसऱ्यांदा वायरिंग पॅनेलवाल्या एका पोराने केलं. चार दिवस लागले, आणि त्याने सांगितला तो आकडा मी दिला. शेवटी त्याने मला टाकीपाशी कान लावायला सांगितला आणि स्टार्टर न मारता नुसती चावी फिरवली. पंप घुंऽऽ करून दोन सेकंदांत गप्प झाला. मी पुन्हा करायला लावलं. पाच-सहा वेळा.

पुतण्या आता जीपमध्ये बसतो, पण मागे, उडी मारता येईल अशा कडेला.