मगर दिसते, वायतुरा दिसत नाही

नदीत मगर दिसली की बातमी होते. सड्यावरच्या डबक्यातून एखादी पाणवनस्पती नाहीशी झाली, तर गुराख्यालाही पत्ता लागत नाही. मग खरा धोका कोणाला अधिक?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत आपल्या नद्यांतली मगर ‘असुरक्षित’ गटात आहे. सातारा जिल्ह्यातील कास पठारावरचा वायतुरा त्याहून गंभीर, म्हणजे ‘संकटग्रस्त’ गटात आहे.

कारण दोघांच्या पसाऱ्यात आहे. मगरीचे क्षेत्र इराणपासून श्रीलंकेपर्यंत आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिची शिकार बंद झाली आणि १९७५मध्ये देशात मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. एक पाणी आटले तर ती दुसरे शोधते; धरणाचा जलाशयही तिला चालतो. सांगली जिल्ह्यात भिलवडीजवळच्या कृष्णेत प्रश्न आहे तो माणसाशी होणाऱ्या संघर्षाचा आणि वाळू-माती उपशात जाणाऱ्या, अंडी घालण्याच्या काठांचा.

वायतुऱ्याला हलता येत नाही. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला त्याचा तुरा पावसाळ्यात पाण्यावर डोलतो. उन्हाळ्यात त्याचा कंद सुकलेल्या मातीत झोपी जातो. सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवरची उथळ डबकी हेच त्याचे जग. त्यात एक ट्रॉली मुरूम पडला, की ते जग बुजते.

कायद्याची नजरही आधी प्राण्यांवर गेली. वनस्पतींसाठीचे प्रकरण कायद्यात १९९१मध्ये आले, तेही सुरुवातीला अवघ्या सहा प्रजातींसाठी. कास २०१२मध्ये जागतिक वारसा स्थळांत गेल्याने तिथल्या फुलांना निदान जागेचे संरक्षण मिळाले.

वायतुरा भूमचा नाही. पण हा धडा भूमसाठीही आहे. बालाघाटच्या या अवर्षणप्रवण तालुक्यात पाण्याची किंमत साठ्यावर ठरते, आणि तेही साहजिक आहे. मात्र तलाव खोल करताना, शेततळे खोदताना उथळ काठावर काय उगवते, हे पाहिले जातेच असे नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. पोकलेन लावण्याआधी, एका पावसाळ्यात, डबक्यांतल्या वनस्पती त्या नोंदवहीत उतरवायला फारसा खर्च येत नाही. मगर निदान स्वतःची दखल घ्यायला लावते. पाणवनस्पतीची दखल माणसालाच घ्यावी लागते.