'शून्य कमिशन' फुकट नसते

परदेशात चलन बदलण्यावरील आपल्या लेखात दुबईतल्या मराठी कामगारांना 'कमिशन न घेणारे काउंटर शोधा' असा सल्ला आहे. पगाराच्या दिवशी घरी पैसे पाठवण्याच्या रांगेत उभा राहणारा माणूस असे म्हणणार नाही. कमिशन नसले की कमाई दरात दडलेली असते. 2000 दिरहम पाठवताना दर 30 पैशांनी कमी मिळाला, तर 600 रुपये गेलेच. पावतीवर मात्र फी शून्य! शेजारचा 15-20 दिरहम फी घेऊनही कधी स्वस्त पडतो. म्हणून फी विचारू नये, 'घरच्या खात्यात नेमके किती रुपये जमा होतील?' एवढेच विचारावे आणि दोन-तीन ठिकाणी विचारावे.

लेखातले 'दिरहम वधारला' हे विधानही तपासायला हवे होते. 1997 पासून दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 1 डॉलरला 3.6725. वरखाली होतो तो रुपया. (तरी आमच्या खोलीत 'दिरहम चढला' म्हणून दर वेळी चहा होतोच.)

पुढच्या अंकात लेखकाने निदान फी आणि दराचा हा हिशेब तरी छापावा, ही विनंती.

– एक वाचक, दुबई